ईएमसी चाचणीची उपकरणं भाड्याने घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईएमसी म्हणजे उपकरणाने इतरांना विद्युतचुंबकीय त्रास देऊ नये आणि इतरांचा त्रास झाला तरी नीट चालावं. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर इथले छोटे उत्पादक, डिझाइन हाउस आणि इंजिनिअरिंगचे विद्यार्थी यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. उपकरणं भाड्याने आणून आपल्याच कंपनीत चाचणी केली, तर लॅबमध्ये जायची गरज उरत नाही ना?

बहुतेकांना जावंच लागतं. ग्राहकाला किंवा नियामकाला रिपोर्ट हवा असतो तो आयएसओ/आयईसी १७०२५ प्रमाणे एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा. महाराष्ट्रात समीरचं खारघर केंद्र, अंधेरीची ईआरटीएल (पश्चिम), वाहनांसाठी पुण्याची एआरएआय आणि काही खासगी लॅब आहेत. टेलिकॉम उपकरणांना टीईसीची (दूरसंचार विभागाचं तंत्र केंद्र) एमटीसीटीई ही सक्तीच्या चाचणी-प्रमाणनाची योजना लागू असेल, तर नेमून दिलेल्या लॅबला पर्यायच नाही.

अपवाद युरोपच्या सीई मार्कचा. ईएमसी डायरेक्टिव्ह २०१४/३०/ईयू खाली उत्पादक स्वतः चाचणी करून स्वतः घोषणापत्र देऊ शकतो. पण मग मांडणी, उपकरणं आणि नोंदी मानकाबरहुकूम असाव्या लागतात, आणि भाड्याच्या एका आठवड्यात हे क्वचितच जमतं. भाड्याच्या उपकरणांचा खरा उपयोग प्री-कम्प्लायन्ससाठी, म्हणजे लॅबला जाण्याआधीच्या आपल्या तपासणीसाठी आहे. लॅबमधला महागडा दिवस बिघाड शोधण्यात जाऊ नये, एवढ्यासाठी.

२. काय भाड्याने घ्यावं आणि काय सरळ विकत घ्यावं?

निअर-फील्ड प्रोबचा (सर्किटजवळ धरून गोंगाट शोधणारे) संच, २० ते ३० डीबीचा प्रीॲम्प्लिफायर, फेराइट क्लॅम्पचा डबा आणि जमलं तर एक साधा सिंगल-फेज लिसन (मेन्स आणि उत्पादन यांच्यामध्ये लावून मेन्स केबलवरचा गोंगाट मोजू देणारी पेटी), एवढं विकत घ्या. डिझाइन चालू असताना हे रोज हाताशी लागतं आणि त्याचं भाडं फुकट जातं.

सर्ज (वीज पडल्यासारखा मोठा झटका) आणि बर्स्ट (लहान, वेगवान झटक्यांची माळ) जनरेटर, ईएसडी (स्थिर विजेचा झटका) गन, आरएफ पॉवर ॲम्प्लिफायर, ईएमआय रिसीव्हर आणि कॅलिब्रेट केलेले अँटेना भाड्याने घ्या. ही उपकरणं महाग आहेत, वर्षातून दोन-तीनदाच लागतात, आणि मालकीची असली की दरवर्षी कॅलिब्रेशनचा खर्चही येतो. स्पेक्ट्रम ॲनालायझर मधोमध आहे. इतर कामालाही लागणार असेल तर घ्या, नाहीतर भाड्याने आणा.

३. आमच्या उत्पादनाला कुठल्या चाचण्या लागतात हे कसं ठरवायचं?

आधी उत्पादनाचं मानक शोधा, उपकरणांची यादी त्यातून निघते. आयटी आणि मल्टिमीडिया उपकरणांच्या एमिशनला (उत्पादनातून बाहेर पडणारा गोंगाट) सीआयएसपीआर ३२, औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय उपकरणांच्या एमिशनला सीआयएसपीआर ११, घरगुती उपकरणांना सीआयएसपीआर १४-१, आणि वैद्यकीय उपकरणांच्या संपूर्ण ईएमसीला आयईसी ६०६०१-१-२. इम्युनिटीच्या (बाहेरचा त्रास सहन करण्याच्या) चाचणीपद्धती आयईसी ६१०००-४ मालिकेत आहेत. ४-२ ईएसडी, ४-३ रेडिएटेड (हवेतून), ४-४ बर्स्ट, ४-५ सर्ज, ४-६ कन्डक्टेड (केबलमधून), ४-११ व्होल्टेज डिप. किती व्होल्टला चाचणी करायची हे उत्पादनाचं मानक सांगतं, मूळ पद्धतीचं मानक नाही. पुरवठादाराला 'ईएमसीचा सेट पाठवा' असं सांगू नका. मानकाचा क्रमांक, पातळी, फेज आणि करंट लिहून द्या.

४. कन्डक्टेड एमिशनसाठी नेमकं काय काय मागवायचं?

५० मायक्रोहेन्री / ५० ओहमचा लिसन (करंट रेटिंग उत्पादनाच्या करंटपेक्षा जास्त), ट्रान्झियंट लिमिटर, ५० ओहमची कोॲक्स केबल, ॲनालायझर किंवा रिसीव्हर, आणि लिसनच्या वापरात नसलेल्या पोर्टसाठी ५० ओहमचं टर्मिनेशन. काही लिसनमध्ये हे टर्मिनेशन आतच असतं, विचारून घ्या. लिसन आणि लिमिटर या दोन्हींचे करेक्शन फॅक्टर फाइलमध्ये मागवा. कागदावर आले की रात्री कोणीतरी ते हाताने टाइप करत बसतं.

मांडणी अशी: टेबलटॉप उत्पादन ८० सेंटिमीटर उंचीच्या लाकडी टेबलावर, मागच्या उभ्या धातूच्या पत्र्यापासून ४० सेंटिमीटर, लिसनपासून ८० सेंटिमीटर. मेन्स केबल लांब असेल तर जास्तीची लांबी ३० ते ४० सेंटिमीटरच्या नागमोडी घड्या घालून मधे बांधायची. गोल वेटोळं करायचं नाही, त्याने इंडक्टन्स वाढून आकडे खोटे येतात. पत्रा किमान २ बाय २ मीटर हवा आणि लिसनचं बूड त्याला रुंद वेणीच्या पट्टीने जोडलेलं हवं. हिरव्या वायरचा लांब तुकडा काही मेगाहर्ट्झच्या वर अर्थ राहत नाही.

सीआयएसपीआर ३२ क्लास बीची (घरगुती परिसरासाठीचा वर्ग) क्वासी-पीक (गोंगाट किती वेळा येतो त्यालाही वजन देणारं मापन) मर्यादा १५० ते ५०० किलोहर्ट्झमध्ये ६६ वरून ५६ डीबीमायक्रोव्होल्टपर्यंत उतरते, ५ मेगाहर्ट्झपर्यंत ५६ आणि ३० मेगाहर्ट्झपर्यंत ६० असते. ॲव्हरेजची मर्यादा सगळीकडे १० डीबीने कमी. रिझोल्यूशन बँडविड्थ ९ किलोहर्ट्झ.

५. लिसन लावला की ईएलसीबी ट्रिप होतो. लिसन खराब आलाय का?

नाही, तो तसाच असतो. लिसनमध्ये लाइन आणि अर्थ यांच्यामध्ये मोठे कपॅसिटर असतात. ९ किलोहर्ट्झपासून चालणाऱ्या रचनेत ते मिळून सुमारे १२ मायक्रोफॅरड भरतात. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला त्यातून जवळपास ०.८७ अँपिअर अर्थमध्ये जातो, आणि ईएलसीबी ३० मिलिअँपिअरला सुटतो. लहान कपॅसिटरच्या, १५० किलोहर्ट्झपासूनच्या लिसनमध्येही ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

ईएलसीबी बायपास करणं हा उपाय नाही. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मागवा. लहान उत्पादनाला १ केव्हीए पुरतो, कारण लिसनच्या कपॅसिटरचेच सुमारे २०० व्हीए धरावे लागतात. दुय्यम बाजूचं एक टोक ग्राउंड प्लेनला जोडून तेच न्यूट्रल माना. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

आणि क्रम कधीही चुकवू नका: आधी अर्थ, मग मेन्स. काढताना उलटं. अर्थ नसताना लिसनला मेन्स दिली तर त्याच्या पेटीवर साधारण निम्मं मेन्स व्होल्टेज येतं. त्यामागे एवढे मोठे कपॅसिटर असल्यामुळे हा टेस्टरने जाणवणारा हलका झटका नसतो, तो जीव घेऊ शकतो. ईएमसीच्या सगळ्या मांडणीत माणसाला सर्वांत धोकादायक पेटी ही आहे. सर्ज जनरेटरला सगळे घाबरतात, लिसनला कोणी घाबरत नाही.

६. भाड्याच्या ॲनालायझरचं इनपुट जळू नये म्हणून काय करायचं?

लिसनमधून उत्पादन चालू-बंद करताना जो झटका येतो, त्याने इनपुट मिक्सर जातो आणि दुरुस्ती तुमच्या डिपॉझिटमधून होते. ट्रान्झियंट लिमिटर कायम लावलेला असू द्या (त्याचे साधारण १० डीबी हिशोबात धरा). तरीही केबल ॲनालायझरला जोडायची ती उत्पादन चालू झाल्यावर, आणि काढायची ते बंद करण्याआधी. सुरुवातीला इनपुट ॲटेन्युएशन २० डीबीच्या खाली नेऊ नका.

कनेक्टरचंही भान ठेवा. ५० ओहमचा एन-टाइप मेल ७५ ओहमच्या फिमेलमध्ये घुसवला तर आतली बारीक पकड फाकते आणि पुढे कधीच नीट संपर्क होत नाही. केबल टीव्हीच्या कामातून आलेले ॲडॉप्टर खोक्यात असतील तर आधी ते बाजूला काढा.

७. साधा स्पेक्ट्रम ॲनालायझर पुरेल की ईएमआय रिसीव्हरच हवा?

प्री-कम्प्लायन्सला ॲनालायझर पुरतो, पण त्यात ९ आणि १२० किलोहर्ट्झची ६ डीबी बँडविड्थ आणि क्वासी-पीक डिटेक्टर आहे का ते बघून घ्या. बऱ्याच मॉडेलमध्ये हा वेगळा सॉफ्टवेअर पर्याय असतो आणि भाड्याच्या युनिटवर तो चालू केलेला नसतो.

सगळा पट्टा क्वासी-पीकमध्ये झाडायचा (स्वीप करायचा) नाही. १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ ४.५ किलोहर्ट्झच्या पावलांनी आणि दर पावलाला १ सेकंद घेतला तर एका लाइनला पावणेदोन तासांहून जास्त लागतात. आधी पीक डिटेक्टरने झाडा. क्वासी-पीक कधीच पीकपेक्षा जास्त येत नाही, त्यामुळे पीक मर्यादेखाली असेल तर तो भाग संपला. जिथे वर आलंय तेवढ्याच फ्रिक्वेन्सीवर क्वासी-पीक आणि ॲव्हरेज घ्या.

रिसीव्हरमध्ये प्रीसिलेक्टर (इनपुटवरचा फिल्टर) असतो, ॲनालायझरमध्ये सहसा नसतो. त्यामुळे एखाद्या तीव्र सिग्नलने ॲनालायझर ओव्हरलोड होऊन नसलेले पीक दाखवतो. ओळखायचं कसं? ॲटेन्युएशन १० डीबीने वाढवा. पडद्यावरचा आकडा जागचा हलला तर तो ओव्हरलोडचा खेळ आहे.

८. चेंबर (बाहेरचे सिग्नल रोखणारी चाचणीची खोली) नाही. गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये रेडिएटेड एमिशन मोजता येईल का?

अंदाज घेता येतो, आकडा मिळत नाही. शहरात ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचे एफएम स्टेशन आणि मोबाइलचे पट्टे तुमच्या उत्पादनाच्या कितीतरी वर असतात. आधी उत्पादन बंद ठेवून पूर्ण पट्टा नोंदवा, मग चालू करून फरक बघा. शंका असलेल्या फ्रिक्वेन्सीवर स्पॅन एक-दोन मेगाहर्ट्झवर आणा. क्लॉकचा हार्मोनिक असेल तर उत्पादन बंद केल्यावर तो जातो, स्टेशन जात नाही.

अँटेना म्हणून ३० मेगाहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झचा बायलॉग एकटा पुरतो. क्लास बीची मर्यादा १० मीटरवर २३० मेगाहर्ट्झपर्यंत ३० आणि पुढे ३७ डीबीमायक्रोव्होल्ट प्रतिमीटर, ३ मीटरवर दोन्ही १० ने जास्त. जागा नाही म्हणून अँटेना १ मीटरवर आणलात, तर साधारण ४८ मेगाहर्ट्झच्या खाली तुम्ही निअर फील्डमध्येच असता. तिथे अंतराचं सरळ गणित चालत नाही.

आमच्या मते छोट्या कंपनीने अँटेनाच्या आधी आरएफ करंट प्रोब मागवावा. ३० ते ३०० मेगाहर्ट्झमध्ये रेडिएटेड एमिशन बहुधा केबलमधूनच होतं, आणि साधारण मीटरभर केबलवर ५ मायक्रोअँपिअरचा कॉमन-मोड (केबलच्या सगळ्या तारांतून एकाच दिशेने वाहणारा) करंट क्लास बी नापास करायला पुरतो. प्रोबचा ट्रान्सफर इम्पीडन्स १ ओहम असेल तर ॲनालायझरवर हे १४ डीबीमायक्रोव्होल्ट दिसेल, ५ ओहम असेल तर २८. प्रोब केबलवर सरकवत जास्तीत जास्त वाचन शोधा, एका जागी धरून निष्कर्ष काढू नका. गोंगाटाच्या इमारतीतही हे मापन बऱ्यापैकी होतं.

९. ईएसडी गनसोबत काय लागतं? पावसाळ्यात चाचणी चालते का?

गनसोबत टोकदार टिप (कॉन्टॅक्टसाठी), गोल टिप (एअरसाठी), २ मीटरची ग्राउंड केबल आणि १५० पिकोफॅरड / ३३० ओहमचं नेटवर्क आलंय का बघा. वाहनांच्या आयएसओ १०६०५ साठी ३३० पिकोफॅरड आणि २ किलोओहमची जोडणीही लागते, ती वेगळी मागावी लागते. गन बॅटरीवर चालणारी असेल तर विमानाने पाठवताना लिथियमचं घोषणापत्र लागतं, नाहीतर पार्सल अडकतं.

टेबल तुम्हालाच उभारायचंय. खाली ग्राउंड प्लेन, त्यावर ८० सेंटिमीटरचं लाकडी टेबल, टेबलावर १.६ बाय ०.८ मीटरचा धातूचा पत्रा, त्यावर अर्धा मिलिमीटर जाडीची इन्सुलेटिंग शीट. वरचा पत्रा खालच्याला जोडणाऱ्या वायरच्या दोन्ही टोकांना एकेक ४७० किलोओहमचा रेझिस्टर. ग्राउंड प्लेनला तांबं किंवा ॲल्युमिनियम असेल तर पाव मिलिमीटर जाडी चालते, इतर धातू असेल तर किमान ०.६५. त्यामुळे पत्र्याच्या दुकानातला साधा जीआय पत्राही चालतो, जाडी मोजून घ्या.

पावसाळ्याबद्दल: कॉन्टॅक्ट डिस्चार्ज चालतो. एअर डिस्चार्जसाठी मानक ३० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता मागतं, आणि जुलैत मुंबई-कोकणात ती एसी-डिह्युमिडिफायरशिवाय मिळत नाही. दमट हवेत पास झालेलं उत्पादन डिसेंबरच्या कोरड्या हवेत हँग होतं. आर्द्रतामापक टेबलाशेजारी ठेवा आणि आकडा नोंदीत लिहा.

सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे अर्थ नसलेलं, बॅटरीवरचं किंवा दोन पिनांचं उत्पादन. पहिल्या डिस्चार्जचा चार्ज त्यावर तसाच साठतो, दुसरा डिस्चार्ज नीट बसतच नाही आणि उत्पादन खोटं पास होतं. दर डिस्चार्जनंतर ४७० किलोओहमचे दोन रेझिस्टर असलेल्या वायरने तो काढून टाका.

१०. बर्स्ट आणि सर्ज एकाच मशीनमध्ये येतात म्हणे. तेच घ्यावं का?

हो, एकत्रित जनरेटर भाड्याने सोयीचा पडतो, त्यात बहुधा डिपही असतात. आतल्या सीडीएनचा (झटका किंवा सिग्नल केबलमध्ये घालणारं आणि मागची बाजू वाचवणारं नेटवर्क) करंट बघा. १६ अँपिअर नेहमीचा, त्याहून जास्त असेल तर बाहेरचा सीडीएन वेगळा मागवावा लागतो. सिग्नल केबलवर बर्स्ट द्यायचा असेल तर कपॅसिटिव्ह क्लॅम्प लागतो, आणि यादीत विसरली जाणारी वस्तू नेमकी हीच. बर्स्टसाठी उत्पादन ग्राउंड प्लेनपासून १० सेंटिमीटर वर आणि जनरेटरपासून केबल अर्धा मीटर. केबल दोन मीटर ठेवलीत की ५ नॅनोसेकंदांची चढण बोथट होते.

सर्जला वेळ किती लागतो हे आधी मांडा, कारण भाडं दिवसावर असतं. ०, ९०, १८०, २७० अंश, दोन्ही पोलॅरिटी, प्रत्येकी ५ म्हणजे एका जोडणीला एका पातळीवर ४० सर्ज. खालच्या पातळ्याही द्याव्याच लागतात. लाइन-न्यूट्रलला ०.५ व १ किलोव्होल्ट, लाइन-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थला ०.५, १ व २ किलोव्होल्ट धरले तर ३२० सर्ज होतात. मिनिटाला एक, म्हणजे ५ तास २० मिनिटं. घाई करून दर १० सेकंदांनी मारलेत तर व्हॅरिस्टर (झटका शोषणारा भाग) थंड व्हायला वेळ मिळत नाही आणि चांगलं डिझाइन नापास होतं. किमान तीन नमुने आणि फ्यूज-व्हॅरिस्टरचे सुटे भाग तयार ठेवा.

११. कन्डक्टेड इम्युनिटीसाठी किती वॅटचा ॲम्प्लिफायर?

केबलमध्ये सिग्नल कशाने घालताय त्यावर. १० व्होल्टच्या पातळीला, ८० टक्के मॉड्युलेशन आणि ६ डीबी ॲटेन्युएटर धरून, सीडीएनला सुमारे ७ वॅट, ईएम क्लॅम्पला २८, आणि ५:१ करंट क्लॅम्पला १७६ वॅट लागतात. सीडीएनचं भाडं वाचवायला करंट क्लॅम्प घेतलात की ॲम्प्लिफायरमध्ये त्याच्या कितीतरी पट जातात. ६ डीबी ॲटेन्युएटर काढू नका, इम्पीडन्स जुळवणं आणि ॲम्प्लिफायरला परतीच्या पॉवरपासून वाचवणं ही दोन्ही कामं तोच करतो.

१२. रेडिएटेड इम्युनिटी आमच्याच हॉलमध्ये, भाड्याचा ॲम्प्लिफायर आणि अँटेना लावून?

नको. उघड्यावर ८० मेगाहर्ट्झपासून पुढचे सगळे पट्टे झाडत जाणं म्हणजे परवाना नसलेलं प्रक्षेपण. शिवाय मानकाला १.५ बाय १.५ मीटरच्या प्रतलातल्या १६ पैकी १२ बिंदूंवर ६ डीबीच्या आत समान फील्ड लागतं. हॉलमधल्या परावर्तनांत ते मिळत नाही. उत्पादन लहान असेल तर बंद टीईएम किंवा जीटीईएम सेल (फील्ड आतच ठेवणारी धातूची पेटी) भाड्याने मिळतो का बघा, नाहीतर चेंबर तासावर घ्या.

१३. आमची मशीन थ्री-फेज, १०० अँपिअरची आहे. एवढा लिसन मिळत नाही.

सीआयएसपीआर ११ मध्ये यासाठी १५०० ओहमचा व्होल्टेज प्रोब चालतो. ५० ओहमच्या इनपुटसोबत तो २९.५ डीबी कमी दाखवतो, ते वाचनात मिळवा. प्रोबची ग्राउंड पट्टी आखूड ठेवा. मात्र इथे लिसनचा फिल्टर नसतो, म्हणून कारखान्यातल्या शेजारच्या व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) गोंगाटही मोजला जातो. मशीन बंद असतानाचं वाचन आधी घ्या.

१४. वाहनांच्या पार्टसाठी हाच सेट चालेल?

बहुतांश नाही. चाकण-भोसरीकडून हा प्रश्न वारंवार येतो. सीआयएसपीआर २५ ला ५ मायक्रोहेन्रीचे नेटवर्क लागतात, ५० मायक्रोहेन्रीचे नाहीत. सप्लायवरचे पल्स आयएसओ ७६३७-२ चे असतात, लोड डंप (चार्ज होत असताना बॅटरी सुटल्यावर येणारी व्होल्टेजची उसळी) आता आयएसओ १६७५०-२ मध्ये आहे. त्यांचा जनरेटर वेगळा. भारतातल्या मंजुरीसाठी एआयएस-००४ भाग ३ आणि ग्राहक कंपनीचं स्वतःचं स्पेसिफिकेशन दोन्ही बघा, दुसरं अनेकदा जास्त कडक असतं. ॲनालायझर, लिमिटर, करंट प्रोब मात्र दोन्हीकडे चालतात.

१५. कॅलिब्रेशन सर्टिफिकेटमध्ये काय बघायचं?

अनुक्रमांक उपकरणावरच्या क्रमांकाशी जुळतो का, पुढची तारीख भाड्याच्या मुदतीनंतरची आहे का, आणि आत मोजलेले आकडे आहेत का. नुसतं 'पास' लिहिलेला एक पानी कागद उपयोगाचा नाही. अँटेनाला अँटेना फॅक्टर, लिसनला इम्पीडन्स आणि इन्सर्शन लॉस, ईएसडी गनला पहिल्या शिखराचा करंट (४ किलोव्होल्टला १५ अँपिअर) आणि चढणीचा वेळ. फक्त प्री-कम्प्लायन्स करत असाल तर नुकतीच मुदत संपलेलं युनिट कमी भाड्यात मागता येईल. रिपोर्ट द्यायचा असेल तर अजिबात नाही.

१६. भाडं कधीपासून मोजतात? कागदपत्रं काय लागतात?

करारात बघा. काहीजण पाठवल्या दिवसापासून मोजतात, काहीजण पोहोचल्यापासून. सुट्टीचे दिवस धरले जातात का तेही विचारा, गणपतीत किंवा दिवाळीत हा फरक मोठा असतो. माल डिलिव्हरी चलनावर येतो. राज्याबाहेरून येणाऱ्या ५० हजारांहून जास्त किमतीच्या मालाला ई-वे बिल लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. भाड्यावर १८ टक्के जीएसटी धरा. यंत्रसामग्रीच्या भाड्यावर २ टक्के टीडीएस कधी कापायचा ते सीएला विचारून ठेवा. वाहतुकीचा विमा कोणाचा हे लेखी घ्या, जाताना आणि येताना दोन्हीचा.

खोकं उघडतानाच कनेक्टरचे फोटो काढा, प्रत्येक ॲडॉप्टर यादीशी ताडून बघा आणि त्याच दिवशी उपकरण चालू करून सेल्फ-टेस्ट घ्या. तीन दिवसांनी केलेली तक्रार कोणी मानत नाही. पत्रा, टेबल, ट्रान्सफॉर्मर खोकं येण्याआधी तयार हवेत.

१७. भाड्याच्या सेटवर पास झालं, लॅबमध्ये नापास. असं कसं?

कारणं ठरावीक आहेत. करेक्शन फॅक्टर टाकलेच नाहीत किंवा उलट चिन्हाने टाकले. घरी केबल न जोडता मोजलं, लॅबमध्ये सगळे पोर्ट भरले. घरी उत्पादन रिकामं बसलं होतं, लॅबमध्ये पूर्ण लोडवर चाललं. घरचा ॲडॉप्टर एका बनावटीचा, लॅबला नेलेला दुसऱ्या. किंवा समासच ठेवला नाही: प्री-कम्प्लायन्सला मर्यादेखाली किमान ६ डीबी हवेत, मांडणी साधी असेल तर १०.

लॅबमधून परतल्यावर त्याच फ्रिक्वेन्सीवर घरच्या मांडणीत काय वाचन येतं ते नोंदवा. दोन्हींतला फरक कळला की पुढचे बदल घरीच तपासता येतात. हे उपकरणं परत पाठवण्याआधी करायचं असतं, म्हणून लॅबची तारीख भाड्याच्या शेवटच्या दिवशी न घेता मधल्या दिवशी घ्या.